बोंडगावचा रिपोर्ट कुठे अडला?

डिसेंबर २०२४ सरता सरता बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत माणसांचे केस गळायला लागले. आधी डोकं खाजायचं, मग केस राठ व्हायचे आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी हात फिरवला तरी पुंजके निघायचे. आठवडा उलटायच्या आत टक्कल. आठ वर्षांच्या मुलापासून सत्तरी ओलांडलेल्या म्हाताऱ्यांपर्यंत कुणी सुटलं नाही. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात बातमी जिल्ह्याबाहेर गेली आणि वाहिन्यांनी तिला ‘टक्कल व्हायरस’ असं नाव देऊन टाकलं. व्हायरस तिथे नव्हताच. पण नाव चिकटलं आणि त्या नावाने गावांचं जे नुकसान केलं ते केस परत उगवल्यावरही पुरतं भरून आलं नाही.

मग गाड्या आल्या. जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाची पथकं आली, त्वचारोगतज्ज्ञ आले, आणि संक्रांतीच्या सुमारास भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, पथकं दिल्ली-चेन्नईहून थेट शेगाव तालुक्यात उतरली. रक्त घेतलं, लघवी घेतली, केस आणि नखं घेतली. पाणी, माती, घरातलं धान्यही नेलं. लोकांनी काही आडकाठी केली नाही. ज्याचं त्याचं नाव, वय, गाव कागदावर उतरवलं गेलं, नळ्यांवर चिठ्ठ्या लागल्या, शीतपेट्या बंद झाल्या आणि गाड्या निघून गेल्या.

त्यानंतर गावात एकच प्रश्न राहिला: रिपोर्ट आला का?

पाण्याचा आला. तोही लवकर. बोंडगावच्या पाण्यात लिटरमागे ५४ मिलिग्रॅम नायट्रेट आणि २१०० च्या घरात टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, अशी आकडेवारी जानेवारीतच वर्तमानपत्रांत छापून आली. पाणी पिण्यालायक नाही, ते वापरू नका, असं सांगण्यात आलं. विहिरीत काय आहे हे गावाला काही दिवसांत कळलं. आपल्या रक्तात काय आहे हे मात्र कळलं नाही. हा फरक नीट लक्षात ठेवायला हवा, कारण पुढच्या चार महिन्यांची सगळी कहाणी त्यात आहे.

पाण्यावर पहिला संशय जाणं साहजिक होतं. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद हे तालुके पूर्णा नदीच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्याला लागून किंवा त्यातच आहेत. बुलढाणा, अकोला आणि अमरावती अशा तीन जिल्ह्यांत हा पट्टा पसरला आहे. इथलं भूजल मुळातच खारट. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि गावोगावी किडनीचे रुग्ण. पाण्याने इथल्या माणसाला इतकं छळलं आहे की अंगावर नवं काही उठलं की बोट आधी विहिरीकडेच जातं. पण हे पाणी पिढ्यान् पिढ्या असंच आहे आणि केस मात्र याच डिसेंबरात गळले, हा साधा मुद्दा गावातल्या जाणत्यांच्याही लक्षात येत होता. पाण्याच्या रिपोर्टने उत्तर दिल्यासारखं झालं, दिलं नाही.

उत्तर नसलेल्या काळात माणसं स्वतःची उत्तरं तयार करतात. काहींनी अंघोळ टाळली. काहींनी केस गळण्याआधीच डोकं भादरून घेतलं. शांपूवर, साबणावर, बुरशीवर संशय गेला. बाहेरगावचे लोक या गावांत यायला कचरू लागले, सलूनवाले हात लावायला घाबरले, मुलं डोक्याला रुमाल बांधून शाळेत गेली, काही गेलीच नाहीत. ठरत आलेली लग्नं अडल्याच्या बातम्या आल्या. आजार संसर्गजन्य नाही, हे सांगणारा एक कागद ज्याच्या-त्याच्या हातात असता तर यातलं निदान निम्मं टळलं असतं. तुमच्या रक्तात अमुक इतकं अमुक निघालं आणि ते शेजाऱ्याला लागत नाही, एवढ्या दोन ओळी पुरेशा होत्या.

त्या दोन ओळींपर्यंत पहिल्यांदा पोचला तो सरकारी यंत्रणेबाहेरचा माणूस. डॉ. हिंमतराव बावसकर हे मूळचे जालना जिल्ह्यातल्या देहेडचे, म्हणजे बुलढाण्याच्या शेजारचेच. हयात गेली महाडला. विंचूदंशावरच्या त्यांच्या उपचाराने कोकणातले हजारो जीव वाचले आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तपासण्यांच्या धंद्यातली कट प्रॅक्टिस हाही त्यांचा जुना लढा. २०१३ मध्ये एका तपासणी केंद्राने कमिशन म्हणून पाठवलेला १,२०० रुपयांचा धनादेश त्यांनी परत केला आणि वर महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार केली. हे बावसकर शेगाव तालुक्यात आले, लोकांचे नमुने घेतले आणि रेशनचा गहूही घेतला. ठाण्याच्या खासगी प्रयोगशाळेत तो तपासून घेतला. खर्च स्वतःच्या खिशातून, सुमारे ९२ हजार रुपये.

फेब्रुवारी २०२५ च्या अखेरीस त्यांनी निष्कर्ष जाहीर केले. १८ गावांतले २७९ जण बाधित. त्यांच्या रक्तात सेलेनियम नेहमीच्या ३५ पट, लघवीत ६० पट, केसांत १५० पट. उलट जस्त कमी. आणि रेशनच्या गव्हात किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम. गव्हात ते १.९ मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये असं धरलं जातं. हा गहू पंजाब-हरियाणाकडचा असल्याचं बावसकरांनी सांगितलं. शिवालिकच्या पायथ्याच्या काही पट्ट्यांत, विशेषतः नवांशहर-होशियारपूर भागात, जमिनीतच सेलेनियम जास्त आहे, हे कृषिशास्त्रज्ञांना १९८० च्या दशकापासून माहीत आहे. गहू ते मुळातून शोषून घेतो आणि दाण्यात साठवतो.

एक हिशेब मांडून पाहू. सेलेनियम हे विष नव्हे. शरीराला ते लागतं, पण दिवसाला पन्नास-पंचावन्न मायक्रोग्रॅम. मोठ्या माणसासाठी वरची सुरक्षित मर्यादा ४०० मायक्रोग्रॅम मानतात. आता एका माणसाच्या दिवसभराच्या पोळ्यांना २०० ग्रॅम कणीक धरा, आणि सगळी त्या नमुन्यातल्या गव्हाची. ०.२ किलो गुणिले १४.५२ म्हणजे २.९ मिलिग्रॅम, अर्थात २,९०० मायक्रोग्रॅम. मर्यादेच्या सात पट, आणि रोज. चीनमधल्या हुबेई प्रांतात एन्शी भागात १९६० च्या दशकात नेमकं हेच झालं होतं. दुष्काळात लोकांचं खाणं बदललं, सेलेनियमयुक्त जमिनीतलं धान्य-भाजी पोटात गेली, आणि केस व नखं गळून पडली. वैद्यकाच्या पुस्तकात हे सगळं आहे. शेगाव तालुक्यात नवीन होतं ते एवढंच की दाणा रेशन दुकानातून आला होता.

आयसीएमआरच्या तपासातही सेलेनियम वाढलेलं निघाल्याचं पुढे सरकारी पातळीवरून माध्यमांना सांगण्यात आलं. म्हणजे उत्तर त्यांच्याकडेही होतं. पण ज्यांच्या दंडातून रक्त काढलं होतं त्यांना ते बातम्यांतून, उडत उडत कळलं. आपला आकडा किती, आपल्या मुलीचा किती, सासूचे केस गेले नाहीत तर तिच्या रक्तात काय आहे, हे हाती न आल्याची तक्रार गावकरी करत राहिले. एप्रिल उजाडला तरी पूर्ण अहवाल जाहीर झालेला नव्हता.

आणि त्या एप्रिलमध्येच नखं गळायला लागली. जिल्हा आरोग्य अधिकारी डॉ. अनिल बनकर यांनी चार गावांतल्या २९ जणांची नखं विद्रूप झाल्याचं आणि काहींची पूर्ण गळून पडल्याचं सांगितलं. कारण म्हणून त्यांनीही वाढलेल्या सेलेनियमकडेच बोट दाखवलं. इथे न्यायाने बोलायला हवं. बोटाचं नख महिन्याला जेमतेम तीन मिलिमीटर वाढतं, तेव्हा एप्रिलमध्ये टोकाशी आलेला दोष मुळाशी डिसेंबर-जानेवारीतच बसलेला असू शकतो. रिपोर्ट वेळेवर मिळाले असते तर नखं वाचलीच असती असं कुणी छातीठोकपणे म्हणू नये. पण डॉक्टर हे गावाला वेळीच सांगू शकले असते: सेलेनियम वाढलंय, केस परत येतील, पुढच्या काही महिन्यांत कदाचित नखांवरही दिसेल, घाबरू नका, तोवर हा गहू बाजूला ठेवा. हे माहीत असलेल्या माणसाचं नख निखळलं तर तो दवाखान्यात जातो. ज्याला काहीच सांगितलेलं नाही त्याला वाटतं, आता हे नवीन काय आलं. बोंडगावात दुसऱ्यांदा तीच घबराट झाली.

घरातल्या बाईपुढे तेव्हा असलेला प्रश्न तपासणाऱ्यांपुढच्या प्रश्नाहून फार वेगळा होता. त्यांना कारण सिद्ध करायचं होतं. तिला उद्या सकाळी कोणत्या डब्यातली कणीक मळायची ते ठरवायचं होतं. रेशनचा गहू टाकून द्यायचा तर विकत आणायला पैसे हवेत. ते खर्च करायचे की नाही, हे तिला एका आकड्यावरून ठरवता आलं असतं. तो आकडा कुठल्यातरी संगणकात होता.

अडतो कुठे हा आकडा? प्रवास पाहिला तर कळतं. नळीवर माणसाचं नाव असतं, निदान त्याचा क्रमांक असतो. प्रयोगशाळेत यंत्र त्या एका नळीचा एक आकडा काढतं. तिथपर्यंत माणूस शाबूत असतो. मग अशा शेकडो आकड्यांचा तक्ता होतो, तक्त्याची सरासरी निघते, सरासरीचा अहवाल होतो. अहवाल संस्थेतून मंत्रालयात जातो, तिथून राज्याकडे, जिल्हाधिकाऱ्यांकडे, जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे, तालुक्याकडे. शेवटी आशाताईंकडे यायचं तर येतं ते ‘घाबरण्याचं कारण नाही’ एवढं वाक्य. नाव तक्त्याच्या पायरीवरच गळालेलं असतं. यात कुणाचा दुष्टावा असायची गरजही नाही. यंत्रणा गावाचा आजार शोधायला निघाली होती आणि गाव माणसांचं असतं हे तिच्या कोणत्याच रकान्यात नव्हतं.

सावधपणाची बाजूही ऐकून घ्यावी. कच्चा आकडा बाहेर गेला आणि तो चुकीचा निघाला तर? सेलेनियमवर उतारा नाही, मग आकडा सांगून उपयोग काय? रेशनच्या गव्हाचं नाव निघालं तर राज्यभर लोक धान्य नाकारतील, त्याचं काय? हे प्रश्न खोटे नाहीत. पण पहिल्याचं उत्तर ‘हा प्राथमिक निष्कर्ष आहे, फेरतपासणी चालू आहे’ असं कागदावर छापणं हे आहे. दुसऱ्याचं उत्तर बावसकरांच्या तपासातच आहे: उपाय औषधाचा नव्हता, ताटातला होता, म्हणून तर माणसाला सांगणं अधिकच गरजेचं होतं. तिसरा प्रश्न मात्र वेगळ्या जातीचा आहे. तो लोकांच्या हितापेक्षा व्यवस्थेच्या सोयीचा आहे, आणि त्यापायी कुणाचं रक्त कुणापासून लपवता येत नाही.

ही लपवाछपवीची सवय केवळ शेगावची नाही. जून २०२० मध्ये, कोरोना भरात असताना, मुंबई महापालिकेने प्रयोगशाळांना सांगितलं होतं की पॉझिटिव्ह रिपोर्ट थेट रुग्णाला देऊ नका, आधी पालिकेला द्या. खाटांसाठी धावाधाव होऊ नये असा हेतू सांगितला गेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आलं. १९ जूनला न्या. अशोक भूषण यांच्या खंडपीठाने म्हटलं की रुग्णाला, त्याच्या नातेवाइकांना किंवा रुग्णालयाला रिपोर्ट न देण्याचं काही कारण दिसत नाही. नियम बदलावा लागला.

बुलढाणा शहराला तर त्याच्या तीन महिने आधीच उशिराची झळ बसली होती. २८ मार्च २०२० रोजी जिल्हा रुग्णालयात विलगीकरणात असलेला एक रुग्ण दगावला. त्याला कोरोना असल्याचा रिपोर्ट आला दुसऱ्या दिवशी. त्या दिवसांत राज्यात तपासणीच्या प्रयोगशाळा बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या आणि इथले नमुने सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटरवरच्या नागपूरला जायचे. तिथे अडलं होतं ते अंतर आणि यंत्रांची टंचाई. अंतराने झालेला उशीर माणूस समजून घेतो. शेगाव तालुक्यात अंतर आड आलं नव्हतं.

कायदा काय म्हणतो, हे गावच्या चावडीवर फारसं कुणाला ठाऊक नसतं, म्हणून थोडं विस्ताराने. मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच, रघुनाथ रहेजा विरुद्ध महाराष्ट्र वैद्यक परिषद या खटल्यात, आपल्या कागदपत्रांच्या प्रती मागण्याचा रुग्णाचा हक्क मान्य केला. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत डॉक्टरने नोंदी तीन वर्षं जपाव्यात आणि रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत द्याव्यात असं आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये मांडलेल्या रुग्ण हक्क सनदेत तपासण्यांच्या रिपोर्टचा थेट उल्लेख आहे: दाखल असताना शक्यतो २४ तासांत, घरी गेल्यावर ७२ तासांत. महाराष्ट्राने २०२१ मध्ये शुश्रूषागृहांच्या नियमांत रुग्ण हक्कांची सनद आणली. आणि खुद्द आयसीएमआरची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की संशोधनात सहभागी झालेल्या माणसांपर्यंत आणि समाजापर्यंत निष्कर्ष पोचवावेत.

पळवाट तिथेच आहे. शेगावात जे झालं ते ‘संशोधन’ नव्हतं, साथीचा तपास होता, आणि लोक ‘दाखल रुग्ण’ही नव्हते. अंगणात खुर्ची टाकून रक्त दिलेला माणूस कोणत्या नियमात बसतो? नियम लिहिणाऱ्यांनी रुग्णालयाची खाट डोळ्यांपुढे ठेवली आणि गावातला ओटा ते विसरले. शिबिरात, सर्वेक्षणात, साथीत रक्त दिलेल्या प्रत्येकाला त्याचा आकडा अमुक दिवसांत मिळेल, अशी एक ओळ आरोग्य खात्याच्या नियमात घालायला फार मोठा खर्च येत नाही.

लोकांना आकडे झेपत नाहीत, ते उगाच घाबरतात, हा आक्षेप अमेरिकेतही घेतला गेला होता. तिथे एप्रिल २०२१ पासून तपासणीचा निकाल तयार झाला की रुग्णाला तो तत्काळ पाहता यावा, असा नियम लागू झाला. कित्येकदा डॉक्टरच्या आधी रुग्णच तो वाचतो. पुढे आठ हजारांहून अधिक रुग्णांना विचारलं गेलं, तेव्हा सुमारे ९६ टक्क्यांनी निकाल असाच लगेच हवा असं सांगितलं. ज्यांचे निकाल वाईट निघाले त्यांची काळजी वाढली, हे खरंच. पण त्यांनाही तो लगेचच हवा होता.

परत खारपाणपट्ट्यात येऊ, कारण रिपोर्टचं मोल इथल्या किडनीच्या रुग्णाइतकं कुणाला कळत नाही. संग्रामपूर किंवा जळगाव जामोदकडचा असा रुग्ण अकोल्याला डॉक्टरकडे निघतो तेव्हा हातात प्लास्टिकची पिशवी असते. तिच्यात चतकोर झालेल्या, घामाने मऊ पडलेल्या चिठ्ठ्या. प्रत्येकीवर एकच ओळ कामाची: क्रिएटिनिन. १.४, मग १.९, मग २.८. एकटी १.९ ची चिठ्ठी फारसं सांगत नाही. तीन चिठ्ठ्या ओळीने ठेवल्या की किडनी किती वेगाने चालली आहे ते डॉक्टरला दिसतं. मधली एक हरवली किंवा मिळालीच नाही, तर वर्ष गेलं.

प्राथमिक आरोग्य केंद्रांत आता परिस्थिती पूर्वीहून बरी आहे. राज्यात २०१७ पासून एचएलएल लाइफकेअरमार्फत ‘महालॅब’ची सोय झाली, केंद्रात दिलेलं रक्त गाडीने प्रयोगशाळेत जातं, तपासणी फुकट होते, निकाल ऑनलाइन येतो. पण तो केंद्राकडे येतो. रोजंदारीच्या बाईला तो घ्यायला पुन्हा एक खेप घालावी लागते आणि सोयाबीन काढणीच्या दिवसांत ती खेप म्हणजे बुडालेली मजुरी. डिजिटल आरोग्य नोंदींचा १४ अंकी आभा क्रमांक त्यासाठीच काढला गेला, रिपोर्ट आपोआप माणसाच्या मोबाइलमध्ये यावा म्हणून. कार्डं भरपूर निघाली. कार्ड उघडून आत आपला रिपोर्ट बघितलेला माणूस गावात शोधावा लागतो.

बोंडगाव-कालवडच्या बाधितांसाठी एक रस्ता उघडा आहे. माहितीचा अधिकार, २००५. साध्या कागदावर अर्ज, दहा रुपये शुल्क, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तेही नाही. अर्ज आयसीएमआरच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे करायचा आणि मागायचं ते नेमकं: जानेवारी २०२५ मध्ये अमुक गावी माझा रक्ताचा, केसांचा, नखांचा नमुना घेतला, त्यावर कोणत्या तपासण्या झाल्या, कोणत्या तारखेला झाल्या आणि माझा आकडा किती निघाला. उत्तराची मुदत ३० दिवस. जीविताचा प्रश्न असेल तर ४८ तास. अर्जदार स्वतःचीच माहिती मागतो आहे, तेव्हा खासगी माहितीचं कारण त्याच्यापुढे करता येणार नाही. ग्रामसभेने ठराव करून सगळ्यांचे अर्ज एकदम पाठवले तर आणखी बरं.

त्या आकड्याची गरज केस आले म्हणून संपत नाही. बहुतेकांचे केस परत उगवले. पण सेलेनियम अंगातून पुरतं उतरलं का, मुलांच्या वाढीवर काही परिणाम राहिला का, हे पाहायचं तर पुन्हा रक्त तपासावं लागेल, आणि डॉक्टर पहिला प्रश्न विचारतील तो जानेवारी २०२५ मध्ये किती होतं हा. शेगाव तालुक्यातल्या त्या घरांत तो कागद अजून यायचा आहे.